वाचक विचारतात: कलदार रुपयांचा कप आणि इंग्लंड-स्कॉटलंडचं जुनं भांडण

मागच्या अंकात एका कोपऱ्यात चार ओळींची चौकट छापली होती, की इंग्लंड आणि स्कॉटलंड हे रग्बीचे दोन संघ दरवर्षी ज्या कपासाठी भिडतात तो कप कलकत्त्याच्या चांदीच्या रुपयांचा आहे, आणि या दोघांत मधे काही वर्षं भांडणापायी सामनाच झाला नव्हता. बस, एवढंच. त्यावर एवढे मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलं. पीकविमा आणि बोंडअळीवाल्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न बाजूला काढून ठेवलेत, पुढच्या अंकात पहिला नंबर तुमचाच.

प्रश्न (माजलगाव): रुपये वितळवून कप केला म्हणता, ते आपले हाली सिक्के होते का इंग्रजांचे? आणि मॅच त्यांच्या गावात, मग कलकत्ता मधी कुठून आलं?

हाली नाही, कलदार. निजामाच्या राज्यात हाली वेगळा चालायचा आणि इंग्रजांचा कलदार वेगळा, सात हाली द्या अन् सहा कलदार घ्या असा भाव पुढं बसला होता, घरात नव्वदीचं माणूस असेल तर अजून सांगतं. कलकत्ता थेट इंग्रजांच्या हातात, त्यामुळं तिथल्या बँकेत कलदारच. हा रुपया एका तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅम, त्यात बारातले अकरा भाग चांदी आणि एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचं तोंड. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांच्या गळ्यात राणीछाप रुपयांना कडी लावून केलेली माळ तुम्ही बघितली असेल, तोच हा रुपया.

आता कलकत्ता. 1872 च्या नाताळच्या दिवशी तिथल्या गोऱ्या लोकांनी एक मॅच लावली, एका बाजूला इंग्लंडचे वीस आणि दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स असे सगळे मिळून वीस. मजा आली म्हणून आठवड्यात परत खेळले आणि जानेवारी 1873 मधे कलकत्ता फुटबॉल क्लब काढला, पुढच्या वर्षी तो लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनचा मेंबरही झाला. सुरुवातीला मेंबर धडाधड वाढले, त्याचं एक कारण सगळेच सांगतात ते म्हणजे क्लबातली फुकटची दारू. फुकटचा बार बंद झाला तशी गर्दी पांगली, खेळणारी पलटण दुसरीकडं हलली आणि उरलेल्यांना त्या हवेत अंगावर माणसं घेऊन पळण्यापेक्षा टेनिस आणि पोलो बरं वाटायला लागलं. चार-पाच वर्षांत क्लबचा कारभार आटोपला, पण बँकेत शिल्लक होती.

शिल्लक वाटून घेतली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण रॉथनी नावाचा एक गृहस्थ होता, तोच कॅप्टन, तोच सेक्रेटरी आणि तोच खजिनदार (आपल्याकडच्या पतसंस्थांना हे नवीन नाही), त्यानं डिसेंबर 1877 मधे लंडनला पत्र लिहिलं की या पैशाचा एक कप करून देतो, दरवर्षी त्यासाठी खेळवा. त्याच्या डोक्यात फुटबॉलच्या एफए कपासारखी सगळ्या क्लबांची स्पर्धा होती. युनियनला ते काही पटलं नाही, त्यांनी ठरवलं की हा कप इंग्लंड आणि स्कॉटलंडनं दरवर्षी आपसात खेळावा. मग रुपये बँकेतून काढले, वितळवले, आणि हिंदी कारागिरीचा सुमारे दीड फूट उंचीचा कप 1878 मधे तिकडं पोचता झाला. तीन मुठी आहेत त्याला आणि प्रत्येक मूठ म्हणजे फणा काढलेला नाग, वर घुमटासारखं झाकण आणि झाकणावर हत्ती उभा. खाली लाकडी बैठकीवर वर्ष आणि जिंकणाऱ्याचं नाव लिहिलेल्या पट्ट्या.

एक गोष्ट कुणी विचारली नाही पण सांगतो. 1876 ते 78 हीच ती दख्खनच्या मोठ्या दुष्काळाची वर्षं. मद्रास, म्हैसूर, मुंबई इलाखा आणि निजामाच्या राज्याचा भागसुद्धा त्यात होरपळला, लाखो माणसं गेली. दुष्काळाचा आणि कपाचा थेट संबंध नाही, कलकत्ता लांब होतं, पण राज्य तेच आणि रुपयाही तोच, त्यामुळं तो हत्ती कितीही सुंदर असला तरी मला त्याचं तोंडभरून कौतुक करणं जमत नाही.

प्रश्न (उदगीर, जुना कबड्डीवाला): पहिली मॅच कधी झाली अन् कोण जिंकलं? पॉइंट कसे मोजायचे तेव्हा?

27 मार्च 1871, एडिनबरातलं रेबर्न प्लेस मैदान, साधारण चार हजार लोक बघायला. रग्बीतला जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना हाच, म्हणजे या दोघांच्या आधी कुणीच नाही. त्याच्यामागं पण इज्जतीचाच मामला होता. त्याआधी लंडनमधे ओव्हल मैदानावर फुटबॉलचे काही सामने 'इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड' म्हणून झाले होते, पण त्यात स्कॉटलंडकडून खेळलेले बहुतेक लंडनमधेच राहणारे, आणि तरी स्कॉटलंड हरलं म्हणून छापून आलं. इकडं एडिनबरा-ग्लासगोवाल्यांचं डोकं फिरलं. पाच क्लबांच्या कॅप्टननी डिसेंबर 1870 मधे पेपरात जाहीर आव्हान छापलं की दम असेल तर वीस-वीस जण घेऊन या, रग्बीच्या नियमानं खेळू. गंमत बघा, तेव्हा इंग्लंडात रग्बीची युनियन सुद्धा नव्हती, ती 26 जानेवारी 1871 ला लंडनच्या एका रेस्टॉरंटमधे बसून काढली, आव्हान आधी आणि संघटना मागून.

पॉइंटचं म्हणाल तर तेव्हा पॉइंटच नव्हते. रेषेपलीकडं बॉल टेकवला की ट्राय, पण ट्रायची किंमत शून्य, त्यानं फक्त गोलला किक मारायचा हक्क मिळायचा, आणि ती किक आडव्या दांडीवरून गेली तरच गोल. सामना गोलवर ठरायचा. पन्नास-पन्नास मिनिटांचे दोन हाफ. दुसऱ्या हाफात स्कॉटलंडच्या घोळक्यानं इंग्लंडचा अख्खा घोळका ढकलत ढकलत रेषेच्या आत नेला आणि बॉल टेकवला. इंग्लंडवाले बोंबलायला लागले की हे चालत नाही. पंच होते आल्मंड नावाचे एका शाळेचे हेडमास्तर, त्यांनी ट्राय दिला, क्रॉसनं किक घातली, झाला गोल. मग इंग्लंडनं एक ट्राय केला पण कॅप्टन स्टोक्सची किक हुकली, स्कॉटलंडनं अजून एक ट्राय केला तो पण कोरडाच गेला. निकाल: स्कॉटलंड एक गोल, इंग्लंड काही नाही.

आल्मंड मास्तरांनी पुढं कबूल केलं की निर्णय बरोबर होता का नव्हता ते त्यांना नक्की माहीत नव्हतं, पण त्यांचं मत असं की पंचाला शंका असेल तर जी बाजू जास्त ओरडते तिच्या विरुद्ध निकाल द्यावा, बहुतेक चूक तिचीच असते. तुम्ही कबड्डी खेळलेले आहात, तुमच्या तालुक्याच्या स्पर्धांत हे लागू करायचं ठरवलं तर दोन्ही टीम बाद होतील.

पुढच्या वर्षी, 1872 ला, लंडनच्या ओव्हलवर इंग्लंडनं परतफेड केली. वीसचे पंधरा खेळाडू 1877 पासून.

प्रश्न (नांदेड, शिक्षिका): तुमच्या चौकटीत होतं की मधे काही वर्षं सामना झालाच नाही. युद्ध होतं का काय?

मॅडम, दोन्ही महायुद्धांत खंड पडला तो वेगळा. चौकटीत म्हटलेला तो 1885 चा, आणि मग 1888 अन् 1889 चा. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा सामना त्याच भांडणाचा, 1884 चा, बाकी लोक 1990 च्या गोष्टी सांगत बसतात.

1 मार्च 1884, लंडनजवळ ब्लॅकहीथ. झालं असं की स्कॉटलंडच्या एका खेळाडूच्या हाताचा फटका बॉलला लागला आणि बॉल त्याच्याच गोलकडं मागं गेला. इंग्लंडच्या किंडर्स्लीनं तो उचलला, पळाला आणि ट्राय ठोकला. स्कॉटलंडवाले म्हणाले थांबा, आमच्या माणसानं बॉल हातानं मारला, आमच्याकडं नियमानं हा फाउल आहे, म्हणजे खेळ तिथंच थांबला पाहिजे होता, ट्राय कसला? इंग्लंड म्हणालं पहिलं तर आमच्या नियमात मागं मारलेला फाउलच नाही, आणि दुसरं, असला तरी चूक तुम्ही केली, तुमच्याच चुकीचा फायदा तुम्हीच मागता काय? शांतपणे वाचलं तर दोघांच्या म्हणण्यात दम आहे, हीच खरी पंचाईत. गावच्या जत्रेत फडात पंचानं एकाचा हात वर केला की दोन्हीकडची मंडळी आखाड्यात घुसतात ना, तसा प्रकार, दहा-एक मिनिटं खेळ बंद आणि नुसता वाद. शेवटी ट्राय राहिला, त्यावरची किक बसली आणि त्या एका गोलावर इंग्लंड जिंकलं.

आपल्याकडं असं झालं की पुढच्या जत्रेपर्यंत विषय संपतो. इथं उलटं झालं, मैदानावर मिटलं ते पत्रांत पेटलं. स्कॉटलंडचं म्हणणं, कुणीतरी तिऱ्हाईतानं बसून निकाल द्यावा. इंग्लंडचं म्हणणं, नियम आम्ही केले, त्यांचा अर्थ आम्हीच सांगणार, तिऱ्हाईत कशाला? 1885 ला सामनाच नाही. मग 1886 मधे स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स तिघांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय बोर्ड काढलं, की देशादेशांतले सामने याच्या नियमानं होतील. इंग्लंडनं ताठा धरला, आमचे क्लब सगळ्यात जास्त तर बोर्डात आमच्या खुर्च्या पण जास्त पाहिजेत. तिघांनी सांगितलं मग बसा घरी. आणि खरंच 1888 आणि 1889 अशी दोन वर्षं या तिघांपैकी कुणीच इंग्लंडशी खेळलं नाही!

सुटलं कसं, तर 1890 मधे दोन लवाद नेमले, एक स्कॉटलंडचे न्यायाधीश लॉर्ड किंग्जबर्ग आणि दुसरे मेजर मॅरिंडिन, जे फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते, म्हणजे रग्बीचं भांडण मिटवायला फुटबॉलचा माणूस. तोडगा असा निघाला की बोर्डात इंग्लंडला सहा खुर्च्या आणि बाकी तिघांना दोन-दोन, म्हणजे एकीकडं सहा आणि समोर पण सहाच, पण नियम मात्र बोर्डाचाच. तेच बोर्ड वाढत वाढत आज वर्ल्ड रग्बी म्हणून वर्ल्डकप भरवतंय. म्हणून म्हणतो, हे दोघं नुसते खेळले असते तर बाकी जगाला काही मिळालं नसतं, ते भांडले म्हणून सगळ्यांना एक नियम मिळाला.

प्रश्न (परभणी, कॉलेजचा विद्यार्थी): सर, तो कप रस्त्यावर फुटबॉलसारखा लाथाडला असं एका रीलमधे बघितलं, खरं आहे का फेकाफेकी?

खरं आहे. 1988 साल, एडिनबराच्या मरेफील्ड मैदानावर सामना झाला, इंग्लंड 9-6 नं जिंकलं, सामना म्हणे इतका रटाळ की बघणाऱ्यांना झोप यावी. रात्री जेवण झालं, दारू झाली, आणि इंग्लंडचा डीन रिचर्ड्स अन् स्कॉटलंडचा जॉन जेफ्री हे दोघं कप घेऊन एडिनबराच्या गल्ल्यांत निघाले. दिवसभर एकमेकांना आपटलेले दोन फॉरवर्ड (धक्काबुक्की करणारे पुढच्या फळीतले गडी) आणि मधे शंभराहून जास्त वर्षांची पातळ चांदी. सकाळी कप परत आला तेव्हा चांगलाच चेपलेला होता, कारागिराकडं देऊन सरळ करून घ्यावा लागला.

शिक्षा बघा आता. स्कॉटलंडनं जेफ्रीला सहा महिने बाहेर बसवलं आणि इंग्लंडनं रिचर्ड्सला एक आठवडा. गुन्हा एक, कप एक, सोबत पण एकच. तुम्ही कोणत्या बाजूचे आहात ते तुमचं तुम्ही ठरवा. मी इथं सरळ जेफ्रीच्या बाजूनं. आणि हाच जेफ्री दोन वर्षांनी पुढच्या उत्तरात परत येतोय. आता अस्सल कप नाजूक झालाय म्हणून त्याला सांभाळून वापरतात, नकलाही करून ठेवल्यात.

प्रश्न (बीड): एकच मॅच यूट्यूबवर बघायची तर कोणती बघू?

एक म्हणाल तर 17 मार्च 1990, मरेफील्ड. 1884 ला माझं मत आहे पण त्याचा व्हिडिओ नाही ना. त्या वर्षी पाच देशांच्या स्पर्धेत दोन्ही संघांनी बाकी सगळ्यांना हरवलेलं, म्हणजे जो जिंकेल त्याला कप, ट्रिपल क्राउन (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड यांत बाकी तिघांना हरवल्याचा मान), चॅम्पियनशिप आणि सगळे सामने जिंकल्याचा ग्रँड स्लॅम, सगळं एकाच दुपारी. इंग्लंडचा संघ तगडा, कॅप्टन विल कार्लिंग, पेपरवाल्यांनी त्यांना आधीच हार घालून ठेवले होते. बाहेरचं वातावरण पण तापलेलं, थॅचरबाईंच्या सरकारनं पोल टॅक्स नावाचा डोईपट्टीसारखा कर स्कॉटलंडमधे एक वर्ष आधी लावून बघितला होता, त्यामुळं लोक खवळलेले, खेळात राजकारण आणू नका म्हणायला कोण ऐकतंय.

सुरुवातीची दोन मिनिटं फॉरवर्ड करू नका. इंग्लंडवाले नेहमीसारखे पळत मैदानात आले. स्कॉटलंडचा कॅप्टन डेव्हिड सोल आपल्या पोरांना घेऊन चालत आला, सावकाश, एक एक पाऊल टाकत, आणि स्टेडियममधला आवाज वाढत वाढत असा झाला की टीव्हीवर पण अंगावर काटा येतो. सामन्यात इंग्लंडला स्कॉटलंडच्या रेषेजवळ पेनल्टी (समोरच्याच्या फाउलबद्दल मिळणारी संधी) मिळाल्या, किक मारून तीन-तीन पॉइंट घेता आले असते, पण त्यांनी परत परत स्क्रम (दोन्हीकडचे फॉरवर्ड वाकून एकमेकांना भिडून ढकलतात तो घोळका) मागितला, ढकलून आत जाऊ म्हणाले, आणि हाती काही लागलं नाही. हाफटाइम झाल्याबरोबर स्क्रममधून बॉल जेफ्रीनं उचलला (हो, तोच कपवाला), आर्मस्ट्राँगला दिला, त्यानं गॅव्हिन हेस्टिंग्जला, हेस्टिंग्जनं कडेनं पुढं किक मारली आणि टोनी स्टँगरनं हात वर करून उडी मारत बॉलवर झेप घेतली, ट्राय. त्यावेळी ट्रायचे चारच पॉइंट होते, पाच 1992 पासून झाले. 13-7, स्कॉटलंड.

पुढच्या वर्षी वर्ल्डकपच्या सेमीफायनलला त्याच मैदानावर हेच दोघं समोरासमोर आले, हेस्टिंग्जला पोस्टच्या बरोबर समोर सोपी पेनल्टी मिळाली आणि चुकली. इंग्लंड 9-6. कप त्या सामन्याला लावलेला नव्हता, पण जखम व्हायची ती झालीच.

वेळ असेल तर दुसरी मॅच 16 मार्च 2019, लंडनचं ट्विकनहॅम मैदान. अर्ध्या तासात इंग्लंड 31-0. इथं कुणीही टीव्ही बंद करून जेवायला बसलं असतं. हाफटाइमच्या जरा आधी स्कॉटलंडच्या मॅकिनॅलीनं (हा हुकर, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या ओळीत मधला) इंग्लंडची किक अंगावर घेऊन अडवली आणि पळत सुटला, 31-7. मग दुसऱ्या हाफात काय झालं ते खेळणाऱ्यांना पण कळलं नसेल, ट्राय वर ट्राय, फिन रसेलनं इंग्लंडचा पास मधेच तोडून एक काढला, आणि शेवटच्या चार-पाच मिनिटांत स्कोअर स्कॉटलंड 38, इंग्लंड 31. वेळ संपल्यावर इंग्लंडच्या जॉर्ज फोर्डनं ट्राय करून किक बसवली म्हणून 38-38. बरोबरी झाली तर कप आधी ज्याच्याकडं असतो त्याच्याचकडं राहतो, तो होता स्कॉटलंडकडं, त्यामुळं बरोबरी करून पण ती पोरं कप घेऊन घरी गेली.

प्रश्न (लातूर): एकूण हिशोबात पुढं कोण? अन् आता कोणाचं चाललंय?

एकूण हिशोबात इंग्लंड, आणि बऱ्यापैकी पुढं. लोकसंख्याच बघा ना, स्कॉटलंड म्हणजे पन्नास-पंचावन्न लाखांचा देश, आपल्या मराठवाड्याचे दोन जिल्हे घेतले की झालं तेवढं. खास करून ट्विकनहॅमवर स्कॉटलंडचं काही चालायचं नाही, 1983 ला 22-12 जिंकले त्यानंतर तिथं थेट 6 फेब्रुवारी 2021 लाच, 11-6. अडतीस वर्षं! आणि जिंकले तेव्हा कोरोनामुळं स्टँड रिकामे, टाळ्या वाजवायला माणूस नाही.

पण हल्लीचं वारं वेगळं आहे. 2018 ला स्कॉटलंड 25-13 नं जिंकलं, मग 2021, 2022 ला 20-17, 2023 ला 29-23, 2024 ला 30-21. लागोपाठ चार त्यांनी 1972 नंतर पहिल्यांदा जिंकले. यातला मोठा वाटा डुहान वान डर मर्व्हचा, जन्म दक्षिण आफ्रिकेतला पण आता स्कॉटलंडचा, 2023 ला त्यानं आपल्या अर्ध्यातून निघून सगळ्यांना चुकवत एकट्यानं ट्राय काढला आणि 2024 ला तर हॅटट्रिक.

आणि मग 22 फेब्रुवारी 2025. स्कॉटलंडचे तीन ट्राय, इंग्लंडचा एक. निकाल 16-15, इंग्लंड. तीन ट्राय केले आणि तीनही किका हुकल्या, शेवटची तर शेवटच्याच मिनिटाला, वान डर मर्व्हनं कोपऱ्यात ट्राय केल्यावर, बाजूनं अवघड कोनातली, फिन रसेलनं मारली आणि बाहेर. 1871 च्या नियमानं बघायला गेलं तर त्या तीन ट्रायची किंमत शून्यच. उदगीरवाल्यांनी पॉइंट कसे मोजायचे विचारलं होतं, त्यांनी आताचे पण लिहून घ्यावेत: ट्रायला 5, त्यावरच्या किकेला 2, पेनल्टीला 3, ड्रॉप गोलला (चालू खेळात बॉल खाली टाकून टप्पा पडताच मारलेली किक) 3.

प्रश्न (अहमदपूर): जुन्या फोटोत स्कॉटलंडच्या खेळाडूंच्या पाठीवर नंबर दिसत नाहीत. काहून?

कारण त्यांच्या युनियनचे लोक लई कर्मठ. किस्सा असा सांगतात की राजे पाचवे जॉर्ज सामना बघायला आले आणि त्यांनी विचारलं तुमच्या पोरांना नंबर का नाहीत, तर स्कॉटलंडचे पदाधिकारी ऐकमान स्मिथ म्हणाले, महाराज, हा रग्बीचा सामना आहे, गुरांचा बाजार नाही. तुम्ही अहमदपूरचे म्हणजे हाळी-हंडरगुळीचा बाजार तुम्हाला जवळ, तुम्हीच सांगा, तिथं तरी देवणी बैलाच्या पाठीवर नंबर घालून कोण आणतं? दात बघून आणि चाल बघून सौदा होतो. पुढं 1930 च्या दशकात त्यांनी पण नंबर लावले.

प्रश्न (जालना): ही मॅच कोणत्या महिन्यात असते? आणि आम्ही कोणाला सपोर्ट करावा?

सिक्स नेशन्स स्पर्धा फेब्रुवारी-मार्चमधे असते, त्यातच हा सामना, एक वर्ष एडिनबराच्या मरेफील्डवर आणि एक वर्ष लंडनच्या ट्विकनहॅमवर. ट्विकनहॅमला 2024 पासून कंपनीचं नाव लागलंय, अलियांझ स्टेडियम, पण लोक जुनंच म्हणतात. आपण त्यांच्या साडेपाच तास पुढं, म्हणजे तिकडं दुपारी पावणेपाचला सुरू झाला की आपल्याकडं रात्री सव्वादहा, हरभरा काढायचे दिवस असतात, पण रात्रीचं काम नसतं त्यामुळं जमतं.

सपोर्टचं आम्ही कशाला सांगावं. आमच्या ऑफिसात दोन गट पडलेत, टाइपसेटिंगवाले इंग्लंडकडून आणि मी एकटा दुसरीकडून, चहाचं बिल हरणाऱ्यानं द्यायचं ठरलंय.